पुतळीमावशीचे धुतलेले हात

बारक्या जेवला, ही बातमी धाकटी डहाणूच्या बंदरापर्यंत पोचायला त्या दिवशी चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. मीच पोचवली. शिवणाचं मशीन सोडून, गळ्यात टेप तसाच, मी दारोदार सांगत सुटले, आणि ज्याला सांगावं तो म्हणाला, "सुटलो बाबा एकदाचे!" कारण ह्या पोरानं आईला आणि आजीला तर रडवलं होतंच, पण आम्हा शेजाऱ्यांच्याही नाकी नऊ आणले होते. बारक्या म्हणजे आमच्या पुतळीमावशीचा नातू. कागदावर त्याचं नाव रुद्रेश आहे, पण त्या नावानं त्याला अजून कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

मावशी मूळची वरोरची. लग्न होऊन नारूकाकांच्या घरात आली. त्यांची आणि माझी भिंत एकच, त्यामुळे तिकडे कुणी शिंकलं तरी मला इकडे कळतं. मावशीच्या बाबतीत शिंकेची वाट बघावी लागत नाही. समोर हातभर अंतरावर माणूस बसलेलं असलं तरी ती बंदरावर उभं राहून होडीतल्या माणसाशी बोलावं तसं बोलते. नारूकाका आता समुद्रावर जात नाहीत. ओट्यावर बसून जाळी सांधतात आणि मावशीच्या दहा वाक्यांना मिळून एकदा मान हलवतात. संसार छान चालला आहे.

ऐन उमेदीची सगळी वर्षं मावशीनं पाटी वाहिली. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, पाटीत भरायची आणि एसटीनं थेट कैनाडपर्यंत जाऊन दारोदार विकायची. तिकडच्या बायका तिची वाट बघायच्या. कुणाकडे सुटे पैसे नसले तर पाटीत भात घालायच्या, नागली म्हणजे नाचणी घालायच्या, आणि मावशी खुशीनं घ्यायची. पण एसटीतली माणसं वेगळी. मावशी चढली की कंडक्टर म्हणायचा, "मागे जा मावशी, एकदम मागे." बायका पदर नाकाला लावायच्या, कॉलेजची पोरं खिडक्या उघडायची. मावशी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. "खाताना ही नाकं कुठं ठेवता रे?" असं ती भर गाडीत विचारायची, आणि पुढच्या स्टॉपपर्यंत कुणाची मान वर व्हायची नाही.

तोंडानं असं असलं तरी आतून तिला ते लागलेलं होतं. मला ते कळायचं, कारण तिच्या लग्नाकार्याच्या तयाऱ्या मी भिंतीपलीकडून ऐकल्या आहेत. कुठे हळदीला जायचं असो, मुलाच्या, जतीनच्या, शाळेत बाईंना भेटायचं असो की नुसतं बँकेत अंगठा द्यायला जायचं असो, मावशी आधी तासभर हात धुणार. पहिल्यांदा साबण. मग लिंबाची फोड सालीसकट बोटांवर, नखांत, मनगटापर्यंत घासायची. मग परत साबण, तोही वासाचा. मग हात नाकाशी नेऊन हुंगायचे, आणि पुन्हा लिंबू. पाण्यानं धुतलेला हात, साबणानं धुतलेला हात, ह्याला ती मोजायचीच नाही. मासळीचा वास पार गेला तरच तिच्या दृष्टीनं हात स्वच्छ. इथल्या पाटीवाल्या सगळ्याच बायकांचं हे असं असतं, पण मावशीचा हट्ट जरा जास्तच.

पुढे गुडघे गेले, पाटी सुटली. आता ती घरामागे किनाऱ्यावर बोंबील सुकवते. बांबू उभे करून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात, ती आमची वलांडी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. दिवसभर मावशीचे हात त्यातच. सुकले की व्यापाऱ्याचा टेम्पो येतो आणि घेऊन जातो.

ह्या घरात भाविनी सून म्हणून आली. डहाणू शहरातली मुलगी, वडलांचं स्टेशनजवळ भांड्यांचं दुकान. रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये ती काउंटरला बसते, संगणकावर रिपोर्ट काढून देते. स्वभावानं गोड, स्कूटीवर तुरुतुरु जाणार. फक्त एक होतं. लॅबचे कपडे ती कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून ठेवायची. मावशीला ती पिशवी दिसली होती. बोलली मात्र कधी नाही, आणि मावशीचं न बोलणं ही फार मोठी गोष्ट असते.

तर हा बारक्या सहा महिन्यांचा झाला. उपकेंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या, आता वरचं खाणं सुरू करा, मऊ, पातळ, थोडं थोडं. भरवण्याआधी हात मात्र स्वच्छ धुवा. मावशीनं मान डोलावली. उष्टावणाचा दिवस धरला. मामा म्हणून भाविनीचा भाऊ हितेश पांढरा शर्ट घालून आला. चांदीच्या वाटीतली खीर त्यानं बोटावर घेऊन बारक्याच्या ओठाला लावली, आणि बारक्यानं ती सगळी त्याच्या शर्टावर फुर्रकन उडवली. आम्ही हसलो. पहिल्या दिवशी सगळीच पोरं तसं करतात.

दुसऱ्या आठवड्यात हसू कमी झालं, आणि पुढे तर कुणालाच हसू येईना. मऊ भात झाला, मुगाच्या डाळीचं पाणी झालं, उकडलेला बटाटा झाला, झाडावर पिकलेला चिकू कुस्करून झाला. मावशीनं कैनाडच्या गंगीला फोन केला. गंगी तिची पाटीच्या दिवसांतली मैत्रीण. तिनं शेतातली नागली भिजवून, मोड आणून, दळून पाठवली. तिची काय गोड पेज झाली होती! मी दोन वाट्या प्याले. बारक्यानं ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. आई जवळ आली की त्याला फक्त दूध हवं. भाविनीची आई येऊन गेली, तिला थुंकून दाखवलं. भाविनीनं मऊ रबरी चमचा आणला, तो त्यानं ओट्याखाली फेकला. आणि सल्ले तर विचारू नका. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे टाळू तपासा. एका बाईनं तर मला मशीनवरून उठवून सांगितलं की पोराला पुढे बोलताही येणार नाही. मी तिचं ब्लाउज पंधरा दिवस लांबवलं.

ह्या सगळ्यात मावशी प्रत्येक वेळी काय करायची? मघाशी सांगितलं तेच. सकाळभर बारक्या किनाऱ्यावर वलांडीशेजारी झोळीत पडून बघत असायचा, मावशी बोंबील उलटेपालटे करायची, त्याच्याशी ओरडून गप्पा मारायची, आणि तो खिदळायचा. मग भरवायची वेळ झाली की मावशी आत जाणार, साबण, लिंबू, पुन्हा साबण, धुतलेलं लुगडं, गालाला पावडर, आणि एखाद्या कार्याला निघाल्यासारखी त्याच्यासमोर बसणार. नातवाला भरवायचं म्हणजे लग्नाकार्याहून कमी का? आम्हा कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मी कौतुकच करायचे.

नर्सबाईंनी पुन्हा वजन केलं तेव्हा काटा मागच्या महिन्याच्याच जागी थांबला. त्या घाबरवणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, खेळतोय, चांगला आहे, पण आता पोटात काहीतरी जायला हवं. त्यात भाविनीची रजा संपत आली होती. लॅबच्या सरांनी आधीच एकदा वाढवून दिली होती, पुढच्या सोमवारी हजर नाही झाली तर ते दुसरी मुलगी बघणार होते. ती माझ्याकडे ड्रेस अल्टर करायला आली आणि तिथेच रडायला लागली.

"ताई, तो माझ्याशिवाय काहीच घेत नाही. वाटीत दूध काढून ठेवलं तरी पीत नाही. मी गेले की हा दिवसभर उपाशी. मग मी जाऊ कशी?"

जतीन बोटीवर, फोन लागत नाही. भिंतीपलीकडून मावशीनं ऐकलंच. ती दारात येऊन उभी राहिली.

"तू जा," ती म्हणाली. "मी पाटी सोडली ती गुडघ्यांनी सोडायला लावली. तुझे गुडघे धड हायत. मी भरवते त्याला."

शब्द नेहमीचे होते, पण आवाज समोरच्या माणसापुरताच होता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

सोमवारी भाविनी गेली. पिशवीतला ड्रेस घातला, पोराला पाजलं, आणि मागे न बघता स्कूटी सुरू केली. दुपारी मावशी हात धुऊन बसली. बारक्यानं मान वळवली. तिनं गाणं म्हटलं, चमचा वाजवला, कावळा दाखवला. त्यानं भोकाड पसरलं. ती पुन्हा हात धुऊन आली. वाटीतलं दूध घेतलं, ते त्यानं हाताच्या फटक्यानं सांडलं. मग माझ्यानं राहवेना, मी गेले. पोराचा आवाज बसला होता आणि मावशी त्याच्यासमोर नुसती बसली होती, मांडीवर पेजेची वाटी धरून.

फोन वाजला. मावशीनं तो माझ्याकडे ढकलला. "तू बोल बाय. मना खोटं बोलता येत नाय."

मलाही येत नाही. मी म्हणाले, "चाललंय अजून." भाविनीच्या मागे कुणीतरी रिपोर्ट मागत होतं. मग ती म्हणाली, "बरं. उद्या सरांना सांगते, मला नाही जमणार." आणि फोन ठेवला.

मावशीनं ऐकलं. मांडीवरची वाटी उंबऱ्याजवळ ठेवली.

तेवढ्यात बाहेर हॉर्न. व्यापाऱ्याचा टेम्पो. उद्या यायचा तो आजच, कारण उद्या त्याच्या भाच्याचा साखरपुडा. माणसाला दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ह्याची काही पडलेली असते का? पण माल दोरीवर, आणि टेम्पो थांबणार नाही. मावशी उठली. नारूकाका उठले. बारक्याला मी कमरेवर घेतलं आणि मावशी त्या गुडघ्यांनी वलांडीपाशी धावली. सरासरा बोंबील ओढायचे, टोपलीत टाकायचे, टोपली टेम्पोपाशी न्यायची. मी पोराला घेऊन किनाऱ्यावर फेऱ्या मारत राहिले. तो हुंदके देत आजीकडे बघत होता.

टेम्पो गेला तेव्हा मावशीत काही उरलं नव्हतं. पिंपातलं पाणी तांब्यानं हातांवर ओतलं, पदराला पुसले, आणि ती उंबऱ्यात धपकन बसली. घरातली लिंबं दुपारीच घासून संपली होती. सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं. पेजेची वाटी तिथेच होती.

"फुकट कशाला घालवू," ती म्हणाली, "मीच खाते." आणि बोटांनी खायला लागली.

माझ्या कमरेवरचा बारक्या पुढे झुकला. मला वाटलं पडतोय, म्हणून मी त्याला मावशीच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं दोन्ही हातांनी मावशीचं मनगट धरलं आणि तिची पेजेनं भरलेली बोटं ओढून सरळ तोंडात घातली.

"अरे, अरे! वास हाय हाताला!" मावशी हात सोडवायला लागली. "लिंबू नाय लावला!"

"हात काढू नको मावशी!" मी इतक्या जोरात ओरडले की नारूकाकांच्या हातातली टोपली पडली.

मावशी थांबली. बारक्यानं बोटं चोखली, मिटक्या मारल्या, आणि तोंड उघडलं. नुसतं उघडलं नाही, आ वासला. मावशीनं भीत भीत दुसरं बोट भरवलं. गेलं. मग तिसरं. गेलं. थोडं हनुवटीवरून ओघळलं, ते मावशीनं परत आत सारलं, तेही गेलं. "हेमांगी, हलू नको," ती म्हणाली, आणि ते ती अगदी कुजबुजून म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिला कुजबुजताना पहिल्यांदा ऐकलं. नारूकाका टोपली न उचलता तसेच उभे होते. वाटीचा तळ दिसला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला आणि मी चक्क रडले. खोटं कशाला सांगू, नारूकाकांचेही डोळे ओले झाले होते.

मी व्हिडिओ कॉल लावला. भाविनीला दिसलं ते एवढंच, पेजेनं माखलेलं तिचं पोर आणि त्याच्या तोंडात आजीची बोटं. तिच्या समोर कुणीतरी पावती घेऊन उभं असावं, कारण ती "एक मिनिट हां काका" म्हणाली आणि काउंटरखाली वाकली. वाकलेली बराच वेळ वर आलीच नाही. मग मी बंदराकडे पळाले, ते सुरुवातीलाच सांगितलं.

संध्याकाळी भाविनी घरी आली, चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "आई, मला बघू द्या ना." येताना शकुनाला म्हणून तिनं भाजी, नारळ, लिंबं असं काय काय आणलं होतं. मावशी तर हवेतच होती. "थांब, नीट हात धुऊन येते," म्हणून आत गेली. साबणाचा आवाज, पाण्याचा आवाज, पुन्हा साबण. पावडर लावून बाहेर आली, मऊ भाताची वाटी घेऊन बसली. आम्ही सगळे गोल करून बसलो.

बारक्यानं ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली.

मावशीचा चेहरा पडला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, इतक्या उशिरा की स्वतःचाच राग आला. "मावशी," मी म्हणाले, "दुपारी तो जेवला तेव्हा तू हाताला लिंबू लावलं नव्हतंस."

भाविनीनं सासूचा हात हातात घेतला. हुंगला. मग तिचं एक बोट स्वतःच्या जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "आई, किती कडू! साबण आणि लिंबाची साल. हे तुम्ही रोज त्याला..."

"मग काय करू?" मावशी एकदम म्हणाली. "वासाच्या हातानं भरवू? अख्खी एसटी नाकाला पदर लावायची बाय माझ्यापुढं. त्या हातानं तुझ्या पोराला भरवू? तू काय म्हणशील?"

भाविनी मान खाली घालून बसली. तिला पिशवी आठवली असेल, मला तरी आठवली. मग तिनं तांब्या आणला, मावशीच्या हातांवर पाणी ओतलं, साधा साबण लावून स्वच्छ खळखळून धुतले, लिंबाचा अंशही ठेवला नाही. "आता असेच राहू द्या," ती म्हणाली. वास काही पूर्ण गेला नव्हता, तो साध्या साबणाला दाद देत नाहीच. बारक्यानं आधी एका बोटाची चव घेतली, विचार केला, आणि जेवला.

पोराला कडूपणा नको होता, की तो रोजच्या, ओरडणाऱ्या, वलांडीवरच्या आजीला शोधत होता आणि पावडर लावलेली बाई त्याला अनोळखी वाटत होती, हे मला ठाऊक नाही. नर्सबाई म्हणाल्या कडूच असणार. मी म्हणते दोन्ही. भाविनीनं सरांना काही सांगितलं नाही, आणि ती रोज लॅबला जाते. पुढच्या वेळी वजनाचा काटा हलला, तेव्हा मावशीनं ते नर्सबाईंना एवढ्या मोठ्यांदा सांगितलं की जणू काटा नर्सबाईंना दिसतच नव्हता.

आईच्या हातून मात्र तो अजून खात नव्हता. ती दिसली की दूधच.

रविवारी सकाळी मी दार उघडलं तर वलांडीपाशी भाविनी. केस वर बांधलेले, ओढणी कमरेला खोचलेली, आणि ती बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचा प्रयत्न करत होती. तिला ते जमत नव्हतं. एक जोडी दोरीवर टाकली की दुसरी वाळूत पडत होती. मावशी झोळीशेजारी उभी होती आणि, आश्चर्य म्हणजे, चुका काढत नव्हती.

दुपारी भाविनी पिंपापाशी आली. हात पाण्यानं धुतले, साधा साबण लावून पुन्हा धुतले. मग तिनं हात नाकाशी नेले आणि हुंगले. मावशी आयुष्यभर हुंगायची तसेच. वास आहे ह्याची खात्री झाल्यावर ती भाताची वाटी घेऊन पोरासमोर बसली.

बारक्यानं तिच्या बोटांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि आ वासला.

"ए नारू!" मावशी ओरडली, नेहमीच्या, थेट होडीपर्यंत जाणाऱ्या आवाजात. "बघ, आईच्या हातानं खातोय!" नारूकाका दोन हातांच्या अंतरावरच बसले होते. त्यांनी मान हलवली. मावशीनं पदर डोळ्यांना लावला, मग आत जाऊन उरलेल्या लिंबांचं सरबत केलं आणि सगळ्यांना दिलं.